तीन मिनिटांचा रुसवा

आधी तो चहा संपवून घ्या, नाहीतर ऐकता ऐकता नाकातून येईल. माझ्या मूर्खपणाची यादी तशी मोठी आहे, पण हा प्रकार म्हणजे त्यातला मेरुमणी!

मी राहतो सानपाड्याला. बायको, मनीषा, घणसोली गावातली. गेल्या वर्षी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली. डिझेल, टर्बोवाली! घेतल्या घेतल्या जवळच्या पावणे गावात दिलावरभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला आणि मला समोर बसवून शिकवणीच घेतली.

"साहेब, टर्बो म्हणजे भिंगरी. गाडी पळवली की लालबुंद तापते. तिला सांभाळतं ते तेल. तापलेल्या गाडीची चावी खटकन फिरवली की तेल थांबलं. मग ते आतल्या आत जळतं, आणि टर्बो खल्लास! म्हणून एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं, मग बंद. सकाळी थंड गाडी रेस करायची नाही, ऑईल वेळेवर बदलायचं. बस्स, नातवंडं चालवतील."

आता मला शिस्तीचं भारी वेड. त्यांनी एक मिनिट सांगितलं, मी तीन केली. मोबाईलवर टायमरच लावायचो. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेलो तरी परत आल्यावर तीन मिनिटं! सोसायटीचा वॉचमन एकदा काचेवर टकटक करून गेला, "साब, तबियत ठीक है ना?"

मनीषा म्हणायची, "मला ताप आला तेव्हा एवढा वेळ बसला होतास का रे माझ्याजवळ?"

"तुझ्यात टर्बो कुठे आहे?" मी म्हणालो. त्या दिवशी स्वयंपाक मीच केला.

तर, मेहुण्याची हळद आली. आगरी घरातली हळद म्हणजे काय, माहितीये ना? लग्न एक वेळ साधं होईल, हळद नाही! मनीषा चार दिवस आधीच माहेरी गेली होती. मी संध्याकाळी ऑफिसमधून थेट पोचलो. मांडवाच्या कमानीसमोर गाडी उभी केली. सासूबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या, बँडवाल्यांनी जोर धरला.

आणि मी? मी टायमर लावला.

आता बाहेरून कसं दिसलं असेल, विचार करा. जावई दारात आलाय. काच वर, इंजिन चालू, मान खाली. उतरायचं नाव नाही! सासूबाईंचं ताट तसंच हातात.

अंगभर हळद फासलेला मेहुणा धावत आला. "भावोजी, उतरा ना!"

मी मोबाईलवरची नजर न काढता पंजा दाखवला. थांब!

तो तसाच उलट्या पावली पळाला. "आई गं! भावोजी रुसलं!"

झालं! बँड बंद. बायकांची गाणी बंद. मामा आले, काचेतून बघून गेले. आत्याबाई आल्या, तोंडाला पदर लावून गेल्या. मी आपला आकड्यांकडे बघतोय.

चाळीस सेकंद राहिली होती, तेवढ्यात काचेसमोर दोन जोडलेले हात दिसले. वर बघतो तर सासरे! अहो, भल्याभल्यांसमोर मान न वाकवलेला माणूस. मी घाबरून काच खाली केली.

"जावईबुवा, चूक आमची हाय," बाबा म्हणाले. "बॅनरवर तुमचा फोटो टाकाचा रायला. पन हलदीच्या दारातून मागं नका फिरू. पोरीचा मन मोडंल."

कसला बॅनर? मी पहिल्यांदाच वर पाहिलं. कमानीवर भलामोठा बॅनर. काका, मामा, मावश्यांचे यजमान, मांडववाला, झालंच तर मामांचा शर्यतीचा बैल! सगळे हसऱ्या चेहऱ्याने. मी नव्हतो.

खरं सांगतो, क्षणभर राग आला. बैल चालतो, मी नाही? पण त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका जीव लावणारा माणूस, आणि माझ्यापायी सगळ्या गावासमोर हात जोडून उभा!

मी उडी मारूनच बाहेर आलो. त्यांचे हात धरले. "बाबा, शप्पथ, मी रुसलो नाही हो! मी टर्बो गार करत होतो!"

मग आत्याबाईंनी डोळे पुसले. "बगा, कवरा मोठा मन हाय! आपली चूक झाकाला इंजिनाचा नाव सांगतंय."

दोघांनी मला खांद्यावर घेतलं. बँड दुप्पट जोराने सुरू. मेहुणा शिडीवर चढून बॅनर उतरवायला लागला. गर्दीत एकट्या मनीषाला सगळं समजलं होतं. तिने माझ्या गालावर हळद लावली, म्हणजे जवळजवळ थोबाडीतच दिली, आणि कानात विचारलं, "किती मिनिटं?"

"तीन."

"घरी चल तू."

पुढच्या आठवड्यात गाडी ऑईल बदलायला नेली, तर बाबा हौसेने बरोबर आले. माझ्या मोठ्या मनाची गोष्ट दिलावरभाईंना अगदी रंगवून सांगितली. दिलावरभाई म्हणाले, "नाही शेठ, साहेब खरंच बोलले. टर्बो गार करावा लागतो."

मी छाती फुगवली. सुटलो एकदाचा!

"पण साहेब, गाडी किती दाबून आणली होती?"

"दाबून कसली? गावात शिरल्यापासून पाऊण तास खुर्च्यांच्या टेम्पोमागे. पहिला गिअर, दुसरा गिअर."

दिलावरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "मग तो तापला कधी? हायवेवर पळवून आलात, घाट चढून आलात, तर थांबायचं. इथे येता येताच गार झाला असणार. उगाच उभ्या गाडीत डिझेल जाळलंत."

बाबांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

"म्हंजे जावई रुसला नव्हता."

"नाही, बाबा."

"गारी पन तापली नव्हती."

"नाही, बाबा."

"मग अख्ख्या गावासमोर मी हात जोरलं, ते कंच्या येड्याला?"

मी हात वर केला.