आक्काचा आड

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आणि देवळात ज्या दिवशी बोलायला हवं त्या दिवशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच निमित्त. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

निपाणीत आमचं घर होतं. वडील गेल्यावर ते माझ्या एकट्याच्या नावावर झालं — भाऊबंद नाहीत, भांडण नाही, सगळं कसं सरळ. घरात वडिलांची थोरली बहीण राहायची. वडील तिला आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणायचो. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी परतली होती. कागदावर तिचा त्या घराशी काही संबंध नव्हता. पण हे घर कुणाचं, असं गल्लीत विचारलं असतंत, तर माझं नाव कुणी घेतलं नसतं.

मला ते विकायचं होतं, आणि लवकर विकायचं होतं. घरात कुणाचं आजारपण असेल, डोक्यावर कर्ज असेल, असं तुम्हाला वाटत असेल ना? छे! बेळगावात टिळकवाडीतला एक फ्लॅट नजरेत भरला होता, पूर्वेला बाल्कनी असलेला. तो दुसऱ्या कुणी घेऊ नये, एवढीच माझी घाई. बँकेतल्या सहकाऱ्यांना भाड्याच्या घरात चहाला बोलवायची मला लाज वाटायची.

आक्कानं घर विकायला नाही म्हटलं नाही — हे लक्षात ठेवा. तिनं एकच मागितलं.

"घर तुझं हाय, ईक. पर आड बुजवणाऱ्याला देऊ नगं रं, भूपाल."

मी तिच्या पायाला हात लावून हो म्हणालो.

परसात आड होता. आम्हा जैनांत मुनींच्या आहाराला आडाचंच पाणी लागतं, नळाचं चालत नाही. गावात महाराज आले की गल्लीतल्या बायका कळशा घेऊन आमच्याकडे यायच्या. आक्का रोज पाणी शेंदायची, दुहेरी कापडानं गाळायची, आणि कापडावर जे राहील — डोळ्यांना न दिसणारे जीव — ते पुन्हा त्याच आडात सोडायची. याला जिवाणी म्हणतात. वरून ओतलं तर जीव आपटतात. म्हणून बुडाला कडी असलेली छोटी कळशी दोरीनं थेट पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथं हळूच पालथी करायची. अंगात ताप असला तरी हे चुकायचं नाही. आडाच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. मुळं दगड सरकवतील, उपटून टाकू, असं मी एकदा म्हणालो. "त्यालाबी जीव हाय की," एवढंच ती म्हणाली. ते रोपही लक्षात ठेवा.

आता, वारशाचं घर झटपट विकायचे मार्ग किती असतात? एजंटनं ते मला भाजीवाल्यासारखे मांडून दाखवले. गल्लीतले धनपाल अण्णा घर आहे तसं, आडासकट घ्यायला तयार होते. पण त्यांची तंबाखू विकून होईपर्यंत थांबावं लागणार होतं. जाहिरात देऊन वाट बघता आली असती. नाहीतर कोल्हापूरकडचं एक गिऱ्हाईक होतं, लगेच खरेदी करणारं.

"फकस्त आड नैऋत्येला हाय, साहेब," एजंट म्हणाला. "वास्तूत बसत न्हाय. त्येवढा बुजवून दावलासा की व्यवहार झालाच म्हणून समजा."

मी विचार केला का? केला — समोरचा चहा संपेपर्यंत.

चातुर्मासात आक्का कोगनोळीजवळच्या एका खेड्यात गेली, चौका लावायला. म्हणजे तिथंच राहून, सोवळ्यानं रांधून, महाराजांना आहार द्यायला. दिवाळीपर्यंत ती परतणार नव्हती. तिला बसमध्ये बसवलं, हात हलवला, आणि स्टँडवरूनच एजंटला फोन लावला. आडाची भिंत पावसानं ढासळायला लागलीय, असं गल्लीत सांगून टाकलं. भिंत जागच्या जागी होती.

जेसीबी परसात शिरेना, म्हणून कुंपण पाडलं. मी काठावर उभा राहून खाली बघितलं. पाणी नितळ होतं, एका कपारीत बेडूक बसला होता. पहिला ढिगारा पडला तसं पाणी वर उडालं. मी चष्मा पुसला. कडीची ती कळशी खुंटीवर लटकत होती. तीही आत फेकली — आता कुठं ठेवायची, म्हणून.

इथवर सांगणं सोपं होतं. खरं पुढंच आहे, आणि मी उगाच आडाभोवती फिरतोय.

आक्काला सांगायला मी त्या खेड्यात गेलो. ती ओल्या केसांनी डाळ निवडत बसली होती. मी बुजवला, असं म्हणता आलं असतं. काय झालं असतं? रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, कदाचित माझ्या दारात पाय ठेवला नसता. पण ते मला नको होतं. तिनं प्रश्नच विचारू नयेत असं काहीतरी मला हवं होतं — आणि ते मी येताना बसमध्येच, खिडकीशी बसून, नीट शोधून ठेवलं होतं.

"पिंपळाच्या मुळांनी भिंत ढासळली, आक्का. बुजवावाच लागला."

ती डाळीत बोटं तशीच ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हंजे माज्यामुळंच की रं."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मी तिथं गिळला, आणि पुढे ती जिवंत होती तोवर रोज गिळत राहिलो.

त्याच आठवड्यात तिनं महाराजांकडून नियम घेतला आणि मीठ सोडलं. दिवाळीनंतर मी तिला टिळकवाडीला आणलं, पूर्वेच्या बाल्कनीत तिची खुर्ची ठेवली. बायको तिची आमटी मीठ घालायच्या आधी वेगळी काढायची. मी समोर बसून लोणचं चाटायचो. बँकेतले लोक आले, आजी अळणी का खाता म्हणून त्यांनी विचारलं, की ती सांगायची, "एक रोप राखलं मी, अन् भरला आड घालवला." मी त्यांच्यापुढे चिवडा सरकवायचो. माझा फ्लॅट बघायला आलेले लोक! त्यांच्यासाठीच तर घेतला होता मी तो.

आणि क्षमावाणी. दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात, लहान-मोठं बघत नाहीत. कळत-नकळत दुखावलं असेल तर, असं म्हणतात. मीही म्हणायचो, घाईघाईत, सगळ्यांना म्हणतो तसं. आक्का मात्र दरवर्षी माझ्यापुढे येऊन उभी राहायची, वर्षाकाठी अंगानं थोडी कमी होत गेलेली, आणि हात जोडायची.

"तुज्या वाडवडलांचा आड माज्यापायी गेला. त्यातल्या जिवांची क्षमा कुठं मागू? तू तरी कर रं."

आणि मी करायचो.

शेवटच्या वर्षी तिची उजवी बाजू गेली होती. पर्व संपलं त्या दिवशी तिनं डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. डावा हात छातीशी आणला, उजवा उचलेना. तिला काय हवंय ते मला कळलं. मी पलंगावर तिच्याजवळ बसलो, तो गार पडलेला हात माझ्या हातानं उचलला, दुसऱ्या हाताला लावून धरला — तिला माझी क्षमा मागता यावी म्हणून.

"केली, आक्का," मी म्हणालो.