केनची बस आणि कामतघरच्या आठ बायका

सुट्टीत भिवंडीला, कामतघरच्या आमच्या चाळीत आले की चहाचं आधण ठेवायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "काय गं, तिकडं करमतं का?" करमतं की नाही ते राहू दे, पण किस्से इतके साठलेत की बॅगेचं वजन त्यांच्यामुळंच वाढत असणार! त्यातले निम्मे एकाच दिवसाचे, एकाच बसमधले.

मी मँचेस्टरला टेक्स्टाइल शिकते. पहिल्याच टर्मला परदेशी पोरांची लेक डिस्ट्रिक्टला ट्रिप निघाली. डोंगर, तळी, सगळं. आईला सांगितलं तर म्हणाली, "फोटो नको धाडू. चाळीतल्या बाया म्हनतात, फोटो काय, मोबाइलवर कुनाचं बी मिळतात. पोरगी तिकडं भांडी घासते म्हनतात! रविवारी आठ जनींना घरी बोलावलंय. तू तिथं उभी राहून व्हिडिओ कॉलवर डोंगर दाव."

मला एकटीला परदेशी पाठवायचं म्हणून आई अख्ख्या चाळीशी भांडली होती. म्हणजे काहीही होवो, रविवारी तिला डोंगर दिसलाच पाहिजे होता!

* * *

बसचा ड्रायव्हर केन. साठीचा, लालबुंद, हसणं माहीत नाही. दहा मिनिटं म्हणाला की दहा, अकराव्याला गाडी हलली.

आमची ट्रिप लीडर एमा. पहिल्या स्टॉपला तिनं माइकवर वेळ पाळण्याचं मोठं लेक्चर दिलं आणि टॉयलेटला गेली. परत आली तर बस गायब! पुढच्या गावात टॅक्सीनं येऊन तिनं आम्हाला गाठलं. केन म्हणाला, "वेळेचं तूच सांगितलंस ना?"

त्यानंतर दिवसभर कुणी टॉयलेटला एकटं गेलं नाही. एक जण कायम बसच्या दारात पाय ठेवून उभा.

* * *

माझ्या शेजारच्या सीटवर अश्फाक. भिवंडीतल्याच निजामपुऱ्याचा! सात समुद्र ओलांडून गेले आणि वर्गात शेजारी कोण, तर दहा मिनिटं रिक्षाच्या अंतरावरचा.

अश्फाकची एक खोड आहे. कुठलंही कापड दिसलं की बोटात धरून चोळणार. एका दुकानात 'इथल्या मातीतलं' असं मिरवत टॉवेल लावले होते. ह्यानं एकाची किनार चोळली आणि ओरडला, "अरे, ये तो अपने इधर का माल है!"

दुकानवाली बाई चिडली. तिनं तावातावानं टॉवेल उलटा केला आणि लेबल वाचलं. मेड इन इंडिया! अश्फाक दुकानातून असा बाहेर आला, जणू निवडणूकच जिंकला.

* * *

पुढं अरुंद रस्त्यावर मेंढ्या. चाळीसेक तरी असतील. केन हॉर्न वाजवून थकला. मी म्हटलं, आता आपला नंबर. माझ्या मामाच्या बकऱ्या आहेत वज्रेश्वरीला, लहानपणी मी त्यांच्या मागं फिरलेय. उतरले, हात पसरले आणि मामासारखी आरोळी ठोकली, "हुर्रर्र, चल!"

हलल्या की! पण बाजूला नाही, बसच्या उघड्या दाराकडं! एक तर दोन पायऱ्या चढून आत आली. अश्फाक तिला म्हणतो, "टिकट दिखाओ."

केननं तिला उचलून खाली ठेवलं. पण रस्ता मोकळा झाला होता, ते कुणी नाकारू नये.

* * *

इकडे माझा जीव टांगणीला. पहिल्या तळ्यावर नेटवर्क नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन लागला तर धुकं इतकं की मागं नुसतं पांढरं. आईच्या खांद्यावरून शेवंतामावशी डोकावली आणि म्हणाली, "ही तर भिंतीफुडं उभी हाय!" बाकीच्या सात जणी फिदीफिदी हसल्या. आईचा चेहरा पडला. मला इतका राग आला की विचारू नका.

* * *

शेवटचा स्टॉप, घाटमाथा. केन म्हणाला, दहा मिनिटं. बाकीचे फोटो काढून बसमध्ये बसले, माझा फोन लागेचना. नवव्या मिनिटाला लागला आणि त्याच वेळी धुकं फाटलं. खाली निळंशार तळं, चहूबाजूंनी डोंगर!

चित्र स्वच्छ, आवाज शून्य. पण आईला आवाज कशाला लागतो? तीस वर्षं ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. त्या खटखटाटानं कान गेलेत, ती ओठ वाचते आणि हातवाऱ्यांनी बोलते. मी फोन घेऊन गोल फिरले. आठही बायका एकमेकींवर पडून बघत होत्या. शेवंतामावशीचं तोंड उघडं ते उघडंच. आई रडत होती, मीपण.

तेवढ्यात केन आला, घड्याळावर बोट आपटत. आईला तो फोनमध्ये दिसला. तिनं कारखान्यात दाखवतात तसा तळवा दाखवला, थांब. मग तोंड मोठ्ठं उघडून, आवाज न काढता, बोटानं डोंगर दाखवत त्याला काहीतरी सुनावलं.

केन बघतच राहिला. मग त्यानंही तोंड मोठ्ठं उघडलं आणि आवाज न काढता, हात हलवत उत्तर दिलं! माझ्या हातातून फोन घेतला, बसचं इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसला. पंचवीस मिनिटं! एमा घड्याळ बघत फेऱ्या मारत होती, पण बोलायची हिंमत कुणाची?

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, "काय बोलत होता गं तो एवढं?"

"त्याची आय बी कारखान्यात व्हती. चार लूम बघायची. तिचं बी कान गेलं व्हतं. हा ल्हानपनी तिच्यासंगं असाच बोलायचा."

"अगं, पण तुला इंग्रजी कुठं येतं?"

"इंग्रजी कोन बोलत व्हतं?"