विमान उतरलं तेव्हाची शिट्टी

पंचाहत्तरी गाठलेल्या निवृत्त विंग कमांडरांनी सिनेमागृहात दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवावी, हे शोभतं का? मला खरंच उत्तर देता येत नाही. मी शेजारच्याच खुर्चीत होते!

वझलवार सरांची पहिली भेट त्यांच्या व्हरांड्यात झाली. तिथे ते हवाई दलाच्या परीक्षांसाठी मुलींना विनामूल्य शिकवतात. सिहोऱ्याची बस चालवणारे माझे बाबा म्हणाले, "सरजी, घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, अन् विमानाचंच घेऊन बसली. जरा समजवा ना तिला."

"अच्छा, समजावतो. रोज सकाळी पाठवत जा."

हवाई दलात उड्डाणानंतर सगळे बसून चुका सांगतात, आणि पहिली चूक प्रमुख स्वतःची सांगतो. सरांनी ही रीत वर्गात आणली. "आज वेग शिकवताना मी घाई केली. हं, आता तुम्ही." त्यांनीच आधी सांगितल्यावर आम्ही काय लपवणार?

पायलटची चाचणी जन्मात एकदाच देता येते. मी तीत नापास झाले. हवाई वाहतूक नियंत्रणासाठी मात्र निवड झाली होती, पण मी होकार कळवत नव्हते. सरांनी एका शब्दानं टोकलं नाही. लढाऊ वैमानिकांच्या गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग लागला, तो दाखवायला आम्हा सगळ्यांना घेऊन गेले.

काय सिनेमा! खुर्च्यासुद्धा थरथरत होत्या. नायकानं एकट्यानं शत्रूची विमानं पाडली, तेव्हा सगळं थिएटर नाचलं. सर शांतपणे पॉपकॉर्न खात होते. मग दाट धुक्यात, इंधन संपत आलेलं त्याचं विमान नियंत्रण कक्षातल्या मुलीच्या आवाजावर धावपट्टीला टेकलं, आणि सरांची शिट्टी!

बाहेर खोव्याच्या जलेबीबरोबर सिनेमातल्या चुका सांगणं सुरू झालं.

"सर, हीरो जोडीच्या विमानाला सोडून एकटाच गेला," एकीनं सुरुवात केली.

"अन् इंधन नाही पाहिलं त्यानं! माझे बाबासुद्धा सिहोऱ्याला निघताना पाहतात," मी म्हटलं.

सर हसले. मग माझ्याकडे वळले. "मी शिट्टी केव्हा वाजवली?"

"विमान उतरलं तेव्हा."

"उतरवलं कोणी?"

मागून वर्गातली एक धाकटी मैत्रीण म्हणाली, "अब बोल ना, दीदी!"

नर्मदामाई सरांना उदंड आयुष्य देवो, शिट्टीचा दम असाच खणखणीत ठेवो. तिसरा भाग आला की त्यांच्याच शेजारी बसायचं आहे. तेवढी सुट्टी मी मागून घेईन.

होकार मी त्याच संध्याकाळी कळवला.