माझ्या बाजूचा क्लच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आता काय करता? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही तसं विचारणार नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

वाशीममध्ये माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक खोली, आणि खोलीपेक्षा मोठा फलक. 'पंधरा दिवसांत गाडी शिका! शंभर टक्के हमी!' कसली हमी? कोणाची? लिहून घेताना मलाही माहीत नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलने वीस दिवस लिहिले, म्हणून मी पंधरा लिहिले. त्याने दहा लिहिले असते तर मी आठवड्यावर आलो असतो. कोण तपासायला येतं? डाळीत खडे निघाले तर माणूस दुकानदाराशी भांडतो. शिकवण्यात खडे निघाले तर स्वतःलाच मठ्ठ म्हणून घेतो. आमच्या धंद्याला हे फार सोयीचं आहे.

आणि लोक तरी काय हो! क्लच कुठला ते ठाऊक नाही, पण पहिल्याच दिवशी विचारतात, सर, हायवेवर कधी जायचं? गाडी दोनदा बंद पडली की तोंड उतरतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस गायब. अशांना शिकवायचं तरी कसं — पण थांबा. मी लोकांवर घसरलो. माझं हे असंच आहे. सांगायला बसतो स्वतःचं, आणि उणीदुणी काढतो जगाची.

तर — शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. कशासाठी? समोर गाय आली, शिकणारा गोंधळला, तर गाडी थांबवता यावी म्हणून. मी मात्र त्याच क्लच-ब्रेकवर अख्खी गाडी चालवायचो. शिकणाऱ्याने स्टेअरिंग धरायचं, ॲक्सिलरेटर दाबायचा, बाकी सगळं माझे पाय करायचे. क्लचप्लेट जळत नाही, गाडी बंद पडत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं — वा, जमलं की! मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी नेली की पेढे आणायची आमच्याकडे पद्धत आहे. किती पेढे खाल्ले असतील मी! मीच चालवलेल्या गाडीचे.

वनिताताई किन्हीराजाकडच्या. घरचा भाजीपाल्याचा मळा. नवऱ्याचा हात मळणीयंत्रात सापडून अधू झालेला, आणि दारात छोटा टेम्पो नुसता उभा. भाड्याचा ड्रायव्हर मनात येईल तेव्हा उगवायचा. माल वाशीमला पोचेपर्यंत बाजार अर्धा उठलेला असायचा. बाईने टेम्पो चालवायचा म्हणजे काय, म्हणून सासरे नाराज. तरी त्या हट्टाने माझ्याकडे आल्या. रोज बसने यायच्या, तेही वेळेच्या आधी.

त्या शिकल्या असत्या. मला तेव्हाही कळत होतं. थोडे दिवस गाडी बंद पडू दिली असती, चार हिसके बसू दिले असते, तर त्या पक्क्या शिकल्या असत्या. पण फलकावर पंधरा दिवस होते ना!

शिरपूरच्या रस्त्यावर मी त्यांचा व्हिडिओ काढला. पदर खोचलेला, नजर समोर, ओठ दाबून हसू आवरलेलं. माझ्या एका हातात मोबाईल आणि खाली दोन्ही पाय कामाला लागलेले. व्हिडिओत पाय दिसत नाहीत. खाली लिहिलं, 'ताईंना जमलं, तुम्हालाही जमेल!' तो असा काही फिरला की माझ्या दारात बायकांची रीघ लागली. लायसन्सच्या चाचणीची वळणं मी त्यांच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती. सपाट मैदान, पहिला गिअर. पास झाल्या. पेढे आले.

मग एका सकाळी त्या टमाट्यांचे कॅरेट भरून एकट्या निघाल्या. गावाबाहेरच्या पुलाच्या चढावर समोरून ट्रॅक्टर आला, त्यांना थांबावं लागलं. पुन्हा निघताना टेम्पो बंद पडला, मागे सरकला आणि मागच्या चाकांनी नाल्यात उतरला. त्यांना खरचटलं तेवढंच. माल सगळा चिखलात गेला.

दुसऱ्या दिवशी सासरे त्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. वनिताताई म्हणाल्या, "सर, तुमची गाडी तं कधीच बंद नाही पडली. चढावरबी नाही. मंग आमची काहून पडली?"

किती सरळ प्रश्न होता! त्या बिचारीने खऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर दोन नव्या बायका नाव घालायला बसलेल्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

सासरे म्हणाले, "सर, तुमीच सांगा. खराबी गाडीत हाय का बाईत?"

मी म्हणालो, "गाडीत काई नाही, बाबा. शिकल्याबी चांगल्या होत्या. घाबरल्या असतीन. काई लोकाईले नाही झेपत."

बोललो मी हे. जीभ अडखळली नाही. वनिताताईंनी मान हलवली — त्यांना पटलं! मला त्याचाच संताप येतो अजून. भांडल्या का नाहीत माझ्याशी? पण भांडतील कशा? शिकवणाऱ्यानेच सांगितलं होतं.

किल्ली सासऱ्यांनी ठेवून घेतली. टेम्पो पुन्हा भाड्याच्या ड्रायव्हरकडे गेला. बाकावरच्या दोघींनी नावं घातली. व्हिडिओ मी काढून टाकला नाही. तो चालत होता. हल्ली मी पाय मागे घेऊन बसतो — म्हणजे बहुतेक वेळा. फलक अजून तोच आहे.

परवा वाशीमच्या बाजारात त्या भाजी विकताना भेटल्या. शेजारी त्यांची मुलगी होती, नुकतीच कॉलेजात गेलेली. मला पाहून म्हणाली, "सर, मी येऊ का गाडी शिकाले?"

तिची आई हसली. "नको वं माय. आपल्या हातचं नाही ते. सरनं मले किती जीव लावून शिकवलं, तरी नाही जमलं."

आणि त्यांनी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी माझ्या पिशवीत घातली. पैसे घेतले नाहीत. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो म्हणून. सांगायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती? मी तोंडही उघडलं.

"मायचं आयक, बेटा," म्हणालो.

मुलगी पुन्हा वांगी तोलायला लागली.