अस्थिघराचा नकाशा

बसलिंगप्पांनी चाळीस वर्षं नकाशे काढले, पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. घर मालकाचं, सही इंजिनिअरची, आणि जिना कुठून घ्यायचा ते मालकाच्या मेव्हण्यानं ठरवायचं. सोलापुरात भवानी पेठेतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत त्यांचं टेबल. आता पोरंसोरं कॉम्प्युटरवर नकाशे काढतात, पण ज्यांची जागा वाकडीतिकडी, भाऊबंदकीत तीन ठिकाणी कापलेली, ते अजून अप्पांकडंच येतात. अप्पा काढून देतात. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते त्रेसष्टाव्या वर्षी कुठून आणायचं?

अशात स्मशान समितीचे हिंदुराव एका सकाळी दारात उभे राहिले. पूर्वी माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायच्या आणि त्याच दिवशी पाण्यात सोडायच्या. आता कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी परदेशात. ते येईपर्यंत मडकी आठ-आठ दिवस, महिना-महिना पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. तिथं उभं राहावंसं वाटत नाही, म्हणून एक चांगलं अस्थिघर बांधायचं समितीनं ठरवलं होतं. घरच्यांना दोन घटका शांत बसता यावं, एवढीच अट.

"तुमच्या डोक्यानं करा अप्पा," हिंदुराव म्हणाले. "मदे कुनी बोलनार न्हाय."

हे वाक्य ऐकायला अप्पांना चाळीस वर्षं लागली होती. आता ते ऐकून उडी मारायचं वय राहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मनाशी एवढंच म्हटलं, हे एक नीट होऊ दे, मग पेन्सिल खाली ठेवली तरी चालेल.

तीन महिने ते त्या कागदावर वाकून होते. जाड भिंत, भिंतीत चोवीस कोनाडे, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, प्रत्येक कोनाड्याला सागवानी झडप. वरून थोडासाच उजेड. आणि दर कोनाड्यासमोर एक बुटका दगडी बाक, आपल्या माणसाशेजारी बसता यावं म्हणून. हे बाक त्यांना विचार करून सुचले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको महानंदा गेली. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. तेव्हापासून अप्पा रोज दुपार उतरली की तिच्या मातीजवळच्या दगडावर जाऊन बसत. मूलबाळ नव्हतं, घरी लवकर परतून करायचं काय? तोच दगड त्यांनी चोवीस वेळा काढला.

घोटाळा झाला तो इथंच. अप्पांच्या सात पिढ्यांत कुणाला अग्नी दिलेला नव्हता. मित्रांच्या मयतीला ते जात, पण चितेला दुरून हात जोडून परत. सावडण्याला कधीच उभे राहिले नव्हते. जुन्या शेडमध्ये मडकी आढ्याला तारेनं टांगलेली त्यांनी पाहिली होती; त्यांना वाटलं, उंदरांच्या भीतीनं टांगली असतील. विचारायला हवं होतं. पण पांढऱ्या मिशीच्या माणसानं अस्थींचं काय करतात म्हणून कुणाला विचारायचं? हिंदुरावांना नकाशा देवळासारखा दिसला, त्यांनी मान डोलावली. रोजचं माहीत असलेलं माणसाला सांगायचं सुचत नाही, त्यांनाही सुचलं नाही.

पहिली भिंत उभी राहिली. समितीच्या गड्यानं शेडमधलं एक मडकं नेऊन पहिल्या कोनाड्यात ठेवलं, झडप लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना बोलावणं आलं.

केम गावच्या सोनाबाई पदराखाली मडकं धरून बाहेर उन्हात उभ्या होत्या. नवरा सोलापुरातल्या दवाखान्यात वारला, म्हणून इथंच अग्नी दिला. मुलगा आदिनाथ कतारहून निघायचा होता, तोवर त्या भवानी पेठेत लेकीकडं राहत होत्या आणि रोज येऊन मडक्याला हात जोडून जात होत्या. आज ते कोनाड्यात दिसल्यावर त्यांनी बाहेर काढलं ते काढलंच. तासभर झाला, खाली ठेवायला तयार नव्हत्या.

अप्पांनी हळूच सांगितलं, "आक्का, ठेवा की. चांगली जागा हाय."

"चांगली हाय की. पर हे घर झालं, दादा," सोनाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "खाली टेकवलं, वर दार लावलं. मग त्यो जाईल कुटनं?"

"तुम्हाला समोर बसता येईल म्हणून..."

"मी बसले तर त्येचा पाय निघंल का?"

निघालेल्या माणसाला अप्पांनी चौकट, झडप आणि सोबतीला बाक करून ठेवला होता. चाळीस वर्षांत एकच नकाशा मनासारखा काढला, आणि नेमका तोच चुकला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही दमल्यासारखं वाटलं. त्यांनी गड्याकडून तार आणि स्टूल मागवलं. आवारातल्या लिंबाच्या फांदीला सोनाबाईंनी मडकं स्वतः बांधलं, अप्पांनी स्टूल धरलं. वाऱ्यानं मडकं थोडं हललं तेव्हा सोनाबाई खाली उतरल्या आणि दंड चोळत निघून गेल्या.

हिंदुरावांचं म्हणणं, असू द्या, लोकांना सवय होईल. अप्पा ऐकेनात. उभी भिंत पाडायला लावली. आजवर त्यांच्या रेघा दुसऱ्यांनी खोडल्या. या वेळी रबर त्यांच्याच हातात होतं. नव्या नकाशात भिंतच नव्हती. चारी बाजूंनी वारा खेळेल असे दगडी खांब, वर छप्पर, छपराखाली तुळया आणि तुळयांना लोखंडी कड्या. तेवीस बाक गेले. एक राहिला, तोही कड्यांकडं पाठ करून, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं तोंड केलेला.

हिंदुरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अप्पा, ह्यो बाक उलटा पडला काय? आपल्या मानसाकडं पाठ करून कोन बसंल?"

"तिकडं तोंड करून बसलं की माणूस उठत नाही, हिंदुराव," अप्पा म्हणाले. "मी दोन वर्सं झालं बसलोय."