भानुमतीताईंनी उचललेला भंडारा

भानुमतीताईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. काही वर्षे आम्ही एकाच कार्यालयात बसलो, पण मी त्यांना ओळखत होतो असे म्हणायची मला हिंमत होत नाही. त्या संभाजीनगरात हर्सूलकडे म्हाताऱ्या आईबरोबर राहत. आजोबा भिक्षुकी करत आणि वडील कोर्टात कारकून होते, हे त्यांच्याच बोलण्यातून कधीतरी कळले. लग्न झाले होते की नव्हते, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. एवढ्या माहितीवर माणसाचे चरित्र लिहिता येत नसते. मला तर साधे पत्रही धड लिहिता येत नाही. पण त्या दिवशी जे झाले ते पाहणारे बाकीचे लोक आता त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून लिहितो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि घरात बसवेना, म्हणून छावणीतल्या एका सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात जाऊ लागलो. कुलूप उघडायचे, फोन घ्यायचा, आलेल्याला पाणी द्यायचे, एवढेच काम. संस्थेत सगळ्यांना ताई आणि सर म्हणायची पद्धत होती, म्हणून वयाने खूप लहान असूनही मी त्यांना ताई म्हणायचो. त्या मला काका म्हणत.

ताई सकाळी एसटीने गंगापूरला जात. तिथून पुढे गोदावरीच्या अंगाला काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे पोचायला कधी दहा वाजत, कधी बारा. संध्याकाळी परत आल्या की त्यांच्या केसांवर पांढरट धूळ असे. एकदा मी न राहवून म्हटले, "ताई, डोक्याला रुमाल तरी बांधा."

"बांधला होता काका. एका पोरीला उलटी झाली, तिला दिला."

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुन्हा कुणी तिथल्या लोकांना बघायला जाऊ नये. तिथली बरीच घरे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. पोरेही बरोबर जातात. शाळा सुटते. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालतात, त्यात मोठी पोरगी धाकट्याला सांभाळत बसते. संस्थेने ठरवले की तोडीच्या हंगामात पोरांना गावातच ठेवायचे. शाळेच्या दोन खोल्यांत राहायचे, दोन वेळ जेवायचे, सकाळी शाळेत जायचे. हे काम ताईंकडे आले.

दिवाळीच्या आधी गावात बैठक होती. गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून हेमचंद्र सर मला म्हणाले, "चला, तुम्हीही बघा आपलं काम." सर संस्थेचे प्रमुख. बोलणे गोड, कपडे खादीचे. मला त्यांच्याबद्दल फार आदर होता.

बैठक खंडोबाच्या देवळापुढे भरली. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. ताईंनी सगळे समजावून सांगितले.  मग मनकर्णाबाई म्हणून एक पन्नाशीची बाई उठली. ती मुलगा-सुनेबरोबर तोडीला जायची आणि श्रेया नावाच्या नातीलाही न्यायची.

"ताई, मागंबी एक संस्था आल्ती," ती म्हणाली. "पोरास्नी टोप्या घातल्या, फोटू काढलं, आन् गेली. आमी तिकडं, पोरं हिकडं, आन् तुमी निगून गेलाव तर?"

"आम्ही जाणार नाही, मावशी."

"तोंडानं सगळीच म्हंत्यात. बेलभंडार उचल."

 देवापुढचे बेलाचे पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द त्या गावात कुणी मोडत नाही. वाटणीचे भांडण असो की सोयरीक, भंडारा उचलला की संपले. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बन्सी खांबाला टेकून उभा होता. तो हसून म्हणाला, "आगं मावशे, भंडारा मानसानं उचलायचा आसतो. संस्थेला काय कुलदैवत हाय व्हय?"

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सरांकडे पाहिले. सर थोडे बाजूला फोनवर बोलत होते. फोन कानावरून जरा दूर करून ते म्हणाले, "द्या ना, भानुमती. त्यांचं समाधान होत असेल तर द्या शब्द."

ताईंनी हौदावर जाऊन हातपाय धुतले. पुजाऱ्याने तळहातावर पान ठेवले, वर भंडारा टाकला. त्या मोठ्याने म्हणाल्या, "तुमची पोरं पुन्हा तुमच्या हातात देईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही."  परत येताना गाडीत त्या तळहात मिटूनच बसल्या होत्या. मी म्हटले, "पुसून टाका, साडीला लागेल." त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कधी कुणी उचलला नाही काका. आई म्हणायची, आपल्या हातात नाही त्याचा भंडारा उचलू नये."

पुढे बसलेल्या सरांनी हे ऐकले असावे. ते खिडकीबाहेर बघत होते.

टोळ्या गेल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच ट्रकमध्ये पोरे नव्हती. पुढचे दोन महिने ताई मला फारशा दिसल्याच नाहीत. बऱ्याचदा रात्री गावातच राहत. आल्या की सांगत, पण तुटक. कुणाच्या डोक्यात उवा झाल्या, कुणी भाकरी खाईना, भातच मागतो. रविवारी त्या स्वतःच्या फोनवरून पोरांचे आईबापांशी व्हिडिओवर बोलणे करून देत. एकदा त्या कार्यालयात आल्या असताना पलीकडून फोन आला आणि त्यांनी तो माझ्यासमोर धरला. पलीकडे मनकर्णाबाई होती, मागे ऊस.

"कोन म्हातारं हाय हे?" तिने विचारले.

"आमचे काका आहेत, कार्यालयातले."

"मंग त्यास्नी सांग, आमची श्रेया तीसपतुर पाढं म्हंती. तेंला येत्यात का इचार."

मला बावीसनंतर येत नाहीत. ताई इतक्या हसल्या की फोन हातातून पडता पडता राहिला. त्यांना तसे हसताना मी तेव्हा एकदाच पाहिले.

संक्रांत झाल्यावर सरांनी सगळ्यांना बोलावले. मी चहाचे कप मांडत होतो. सर म्हणाले की ज्यांच्या मदतीवर आपण काम करतो त्यांना आता दुसऱ्या विषयावर काम हवे आहे. वसतिगृह महिनाअखेर थांबवायचे. पुढे पाण्याचे काम घ्यायचे, दुसऱ्या तालुक्यात.

ताईंना वाटले सरांचा काही गोंधळ होतोय. त्या म्हणाल्या, "सर, आईबाप होळीनंतर येतात. मधेच कसं थांबवणार?"

"त्यांना कळवा. शेवटी पालकांची जबाबदारी असतेच ना?"

"पालक कर्नाटकात आहेत."

"म्हणूनच आत्ता सांगतोय, वेळ आहे अजून." सर समजावणीच्या सुरात बोलत होते. "आणि हे काही अचानक नाही, भानुमती. मला गणपतीतच कळलं होतं. म्हटलं, निघेल काहीतरी मार्ग, तोवर काम तर उभं राहू दे."

गणपती म्हणजे दिवाळीच्या आधी. मला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. ताईंना वेळ लागला नाही.

"म्हणजे मी भंडारा उचलला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"अहो, ते त्यांच्या समाधानासाठी होतं. आपण शिकलेली माणसं."

"तुम्ही म्हणालात, द्या शब्द."

"तेव्हा नसता दिला तर एकही पोरगं राहिलं नसतं. दोन महिने शिकली ना ती?"

 मी कप मांडत राहिलो. मी बोलणारा माणूसच नाही. ताई उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या. त्यांचा चहा तसाच राहिला. सरांनी पुढचा विषय काढला.

पुढचे काही दिवस ताईंनी खूप धडपड केली असे ऐकले. संस्था नसली तरी आपण चालवू, असे त्या गावात म्हणाल्या. पण शाळेच्या खोल्या संस्थेच्या नावावर मिळाल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, उद्या काही झाले तर मी कुणाला धरू? गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे पोरे ठेवावीत, तर त्यांनाच कुणीतरी भाकरी करून घालत होते. शेवटी ताईंनी एकेका आईला स्वतः फोन केला. बन्सीचा ट्रक येऊन पोरांना फडावर नेईल असे ठरले.

ट्रक यायचा होता त्याच दिवशी सरांनी मला त्या गावात पाठवले. वसतिगृहाची पातेली, परात, सतरंज्या टेम्पोत घालून आणायच्या होत्या. मी गेलो. जायला नको होते असे आता वाटते, पण मी गेलो नसतो तरी भांडी आलीच असती.

पोरे शाळेच्या ओट्यावर बोचकी घेऊन बसली होती. आतून मी परात बाहेर आणली तेव्हा सगळी तिच्याकडे बघत होती. बन्सीबरोबर मनकर्णाबाई आली होती. ताई पुढे झाल्या आणि वाकून तिचे पाय धरायला गेल्या. मनकर्णाबाई मागे सरली.

"पाया पडू नगं. तू बामनाची, मला पाप लागंल."

"मावशी, मला माहीत नव्हतं."

"नसंल म्हाईत." तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. "पर आता मला सांग, पुढच्या साली आजून कुनी आलं, तर त्याला मी काय उचलाय लावू? देवाच्या वर काय आसतं आमच्याकडं?"

 बन्सी या वेळी हसला नाही. तो एकेक पोर उचलून ट्रकमध्ये देऊ लागला. श्रेया शाळेच्या दारात उभी होती. तिचे दप्तर बोचक्यात बसत नव्हते. मनकर्णाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते हितंच." पोरीने ते ओट्यावर ठेवले, परत उचलले, आणि पोटाशी धरून ट्रककडे गेली.

सगळी पोरे चढल्यावर ताई स्वतः चढू लागल्या.

"तुमी कुठं?" बन्सीने विचारले.

"पोरं आईच्या हातात देईपर्यंत सोडणार नाही म्हटलं होतं. मावशी इथे आहेत, बाकीच्यांच्या आया तिकडे आहेत."

"आवो ताई, सुटला त्यो शबुद आता."

"तुमच्या बाजूने सुटला असेल."

मनकर्णाबाई ट्रकमध्ये बसली होती. तिने ताईंकडे पाहिले नाही आणि सरकून जागाही दिली नाही. ताई फळीला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्या लांबचा रस्ता त्या उभ्यानेच गेल्या की पुढे कुणी त्यांना बसवून घेतले, मला माहीत नाही.

त्या पुन्हा कार्यालयात आल्या नाहीत. हर्सूलच्या घरी मी एकदा गेलो, तर कुलूप होते. शेजारीण म्हणाली, आईला घेऊन भावाकडे गेल्या. कुठे, ते तिला ठाऊक नव्हते. पोरे आयांच्या हातात पोचली, एवढे बन्सीने फोनवर सांगितले. त्या वर्षी ती परत शाळेत बसली नाहीत. मी कार्यालयाची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून आलो. का, ते त्यांनी विचारले नाही. त्यांच्याबद्दल मला जे वाटत होते ते कुठे ठेवावे हे अजून कळलेले नाही. संभाजीनगरात अधूनमधून त्यांचे भाषण असते. लोक टाळ्या वाजवतात.

त्या दिवशी ट्रक सुरू झाला तेव्हा मी परात हातात घेऊन खाली उभा होतो. काहीतरी बोलायला हवे होते, आणि सुचले ते एवढेच.

"ताई, डोक्यावरून पदर घ्या. वारं लागेल."

"हो काका. तुम्हीही टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ बसा. मागं धूळ लई उडते."