सिव्हर्टसाहेबांच्या नावावरचं कुंकू

नाव: पुंडलिक तामोरे. राहणार सातपाटी, तालुका पालघर. वय बेचाळीस. हुद्दा: रेडिओग्राफी सहायक, कंत्राटी. सदर इसम किरणोत्सर्गी स्रोताच्या सान्निध्यात काम करतो, तथापि स्रोताशी त्याचा प्रत्यक्ष संपर्क येत नाही. प्रशिक्षण: झालेले. सुरक्षेविषयी जाणीव: समाधानकारक. उपकरणांची निगा: उत्तम.

कंपनीनं केलेल्या या वर्णनातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावात पुंडलिकला ‘अणूवाला’ म्हणतात. जगात जेवढा म्हणून किरणोत्सर्ग आहे तो तारापूरच्या केंद्राच्या भिंतीआड आहे आणि पुंडलिक रोज तिकडेच जातो, अशी सातपाटीची समजूत. त्या फाटकातून पुंडलिक आयुष्यात आत गेलेला नाही. तो एका खाजगी कंपनीच्या टेम्पोतून बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत फिरतो. टेम्पोत एक जड पेटी असते, तिला क्यामेरा म्हणतात. पेटीत इरिडियमची साबुदाण्याएवढी गोळी, एका तारेच्या टोकाला जोडलेली. लांब उभं राहून हँडल फिरवलं की गोळी पेटीतून निघते, रबरी नळीतून सरकत पाइपच्या वेल्डिंगपाशी जाऊन थांबते आणि पलीकडे लावलेल्या फिल्मवर वेल्डिंगच्या पोटातलं सगळं उमटतं. हँडल उलटं फिरवलं की गोळी घरी. ती खरोखर घरी आली का, हे माणसाच्या कुठल्याच इंद्रियाला कळत नाही. वास नाही, उजेड नाही, चटका नाही. त्यासाठी मीटर.

कंपनीच्या सुरक्षा अधिकारी वैभवी मॅडम. नाशिकच्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या, तिशीच्या आतल्या. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी फळ्यावर पाच नावं लिहिली: बेकरेल, क्युरी, रॉन्टगेन, ग्रे, सिव्हर्ट. ही सगळी माणसं होती आणि आता मापं झाली आहेत, असं सांगितलं.

“मॅडम, ही माणसं गेली कशानं?” पुंडलिकनं विचारलं.

मॅडम प्रामाणिक. त्यांनी सांगून टाकलं. क्युरीबाई रक्ताच्या रोगानं गेल्या, आयुष्यभर किरणांत काम करून. त्यांचे यजमान घोडागाडीखाली आले, पण आले नसते तरी त्यांची लक्षणं बरी नव्हती. बेकरेलनं रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि तेवढ्या जागी कातडी भाजून निघाली.

“म्हणजे हात लावला की नाव लागतं,” दामू म्हणाला. दामू वाणगावचा. टेम्पोतल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं हे त्याचं काम. “पुंडलिक, तुझं पण लागंल एखाद्या मापाला.”

“एक तामोरे म्हंजे किती रे?”

“एक टोपली बोंबील.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग पुन्हा फळ्याकडे वळल्या. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. सेकंदाला सदतीसशे कोटी फुटले की एक क्युरी. टेम्पोतली गोळी तीस क्युरीची. बेकरेलमध्ये सांगायचं तर एक लाख अकरा हजार कोटी. गोळी तीच, पण घरच्यांना सांगायला तीस बरे. शरीराला किती बाधलं ते मोजायला सिव्हर्ट. सिव्हर्ट हे फार मोठं माप, म्हणून त्याचा हजारावा भाग मिली आणि दहा लाखावा भाग मायक्रो. मीटरवर एवढंच बघायचं: आकडा किती आणि पुढे मिली की मायक्रो. एक दुसऱ्याच्या हजारपट.

जुन्या मीटरला काटा होता आणि पट्टा बदलायला बटण. माणूस स्वतःच्या हातानं बटण फिरवायचा, त्यामुळे आपण कुठल्या हजारात उभे आहोत हे त्याला ठाऊक असायचं. नव्या मीटरवर नुसते आकडे. मायक्रो हजाराच्या घरात गेले की तो आपणहून मिलीत बोलू लागतो. नऊशे नव्याण्णवनंतर तिथे एक येतो. शास्त्राच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. तो ओरडायचाही, पण त्याचं ओरडणं ऐकून शेजारच्या शेडमधले कामगार पळाले, गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि कंपनीच्या साहेबांनी आवाज बंद करून घेतला.

दसऱ्याला पुंडलिकनं पूजा मांडली. सातपाटीचा माणूस होडीला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालत नाही. जे हत्यार जीव सांभाळतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. क्यामेऱ्याला झेंडूचा हार, हँडलला हार. मीटरला कुंकू. कोरडं कुंकू झडतं, म्हणून तेलात कालवलेलं. आकडा झाकू नये म्हणून पुंडलिकनं बोट मुद्दाम काचेच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं. आकड्यापुढची बारीक अक्षरं त्याच कोपऱ्यात येतात. वैभवी मॅडमनी हात जोडले, पेढा घेतला. पुढे कित्येक आठवडे तो मीटर त्या रोज तपासत होत्या. देवाचं कुंकू कोण पुसणार?

थंडीत वसाहतीला सुट्टी होती त्या दिवशी एका टाकीच्या कारखान्यात काम लागलं. दुपारची वेळ, शेड रिकामी. पहिली फिल्म झाली आणि पुंडलिकनं हँडल उलटं फिरवलं. तार आली. गोळी आली नाही. तारेचा आणि गोळीचा सांधा आतल्या आत सुटला होता. हँडलला त्याचा पत्ता लागला नाही, पुंडलिकलाही नाही.

त्यानं मीटर उचलला. आठशे तीस.

“अजून उतरत नाय,” तो म्हणाला.

“थांब जरा,” टेम्पोतून दामू.

पुंडलिक दोन पावलं पुढे गेला. नऊशे साठ. आणखी एक पाऊल. एक.

“उतरला.”

मीटर खाली करून तो पुढे चालत गेला. पेटीपाशी पोचेपर्यंत आकडा पुन्हा शंभराच्या वर गेला होता, पण पेटीजवळ एवढा तो नेहमीच असतो. मायक्रोमध्ये. नळीचं टोक पाइपला पट्ट्यानं बांधलेलं होतं, पट्टा अडकला होता. टोक उजव्या मुठीत घट्ट धरून त्यानं डाव्या हातानं पट्टा सोडवला. गोळी त्या टोकातच होती. नंतर त्यानं टोक पुढच्या वेल्डिंगला बांधलं, फिल्म लावली, मागे येऊन हँडल फिरवलं. सगळं नियमाप्रमाणे.

थोड्या वेळानं दामू फिल्म हातात घेऊन टेम्पोच्या दारात आला.

“काळी हाय.”

“कुठली?”

“दोन्ही. आणि डब्यातल्या कोऱ्या होत्या त्या पण. सगळ्या.”

बेकरेलला शोध लागला तो असाच, खणात बंद ठेवलेल्या प्लेटा आपोआप काळ्या झाल्या म्हणून. त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. दामूनं फक्त पुंडलिकच्या दंडाला धरलं आणि त्याला फाटकापर्यंत ओढत नेलं.

वैभवी मॅडम पालघरहून रिक्षानं आल्या. फाटकापाशीच पुंडलिकच्या हातातला मीटर घेतला, आकडा पाहिला, मग ओढणीच्या टोकानं कोपरा पुसला. कुंकू लगेच निघालं नाही. थुंकी लावून घासावं लागलं. खालून जे निघालं ते त्यांनी वाचलं: मिलिसिव्हर्ट. गोळी परत पेटीत घालण्याचं काम लांब चिमट्यांनी आणि शिशाच्या पिशव्यांनी, बाहेरून बोलावलेल्या माणसांनी केलं.

“पुंडलिकभाऊ, टोक किती वेळ धरलं होतंत?”

“तंबाखू मळून होईल एवढा.”

“म्हणजे? मिनिट? दोन मिनिटं?”

“मॅडम, घड्याळ कोण बघतं. पट्टा सुटंपर्यंत.”

मॅडमना हिशोब करायचा होता. बोटांनी किती किरण शोषले, म्हणजे किती ग्रे लागले, यावर बोटं राहणार की नाही हे ठरणार होतं. तंबाखूचं माप फळ्यावर नव्हतं.

त्यानंतर काही झालं नाही. हेच वाईट होतं. हात जसाच्या तसा. डॉक्टरांनी रक्त घेतलं, थांबा म्हणाले. गावात लोक भेटायला आले, हात उलटासुलटा करून पाहून गेले. “अरे याला तर काहीच झालं नाय,” असं म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

त्याची बायको जमुना पालघरच्या बाजारात मासे विकते. ती मात्र रोज अंगणात उजेडाला बसवून हात बघायची.

“दुखतं?”

“नाय. मुंग्या येतात जरा.”

“मग त्या मॅडम दर दोन दिवसांनी फोटो का मागतात?”

“नोकरी हाय त्यांची.”

“बऱ्या हाताचा फोटो कोण मागतं?” जमुना म्हणाली. “काय व्हायचं हाय ते त्यांना ठावं हाय. कधी, तेवढंच बघतायत.”

समोर बांबूंवर बोंबील सुकत होते. तिसऱ्या आठवड्यात आंगठ्याला आणि दोन बोटांना लाली आली, मग फोड, मग फोडाखालून फोड.

कंपनीनं अहवाल दिला. पुंडलिकच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला होता आणि तो त्यानं नियमाप्रमाणे लावलेला होता, ही समाधानाची बाब नोंदवली. हात मोजण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून हाताचा रकाना नव्हता. बिल्ल्यावरून संपूर्ण शरीराला मिळालेली मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये, दशांश चिन्हासह दिली. ती एका वर्षाच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त, परंतु जिवास धोका नसलेली. उपकरणांवर कोणतेही पदार्थ लावू नयेत अशी सूचना भिंतीवर लागली. वैभवी मॅडमची बदली झाली. प्रकरण बंद करताना शेवटची ओळ लिहिली: सदर इसमाची प्रकृती स्थिर असून तो दैनंदिन व्यवहार स्वतः करतो.

पुंडलिक डाव्या हातानं जेवतो.